पाहुण्यांच्या वतीने जेवण

माझी आई फ्लिसिंगनला पाहुण्यांना जेवायला न्यायची. पाहुणे ओळखीचे नसत, गाव आमचं नव्हतं आणि स्वयंपाकही ती करत नसे, पण हा उद्योग तिने एकटीने काढलेला होता आणि तिला त्याचा अभिमान होता. आम्ही राहायचो हॉलंडमधल्या ब्रेडाला. तिथून रोसेंडालला गाडी बदलून समुद्रापर्यंत पोचायचं म्हणजे सगळी सकाळ जायची. बाबा ब्रेडातल्या एका मालवाहतुकीच्या कंपनीत टेस्टर होते. ट्रक कुठे पोचला हे सांगणारी संगणकाची व्यवस्था खरं सांगते की खोटं, हे तपासणं त्यांचं काम. आई त्यांच्या व्हिसाला जोडून आलेली. अशा बायकांना तेव्हा सगळे 'डिपेंडंट' म्हणत आणि तिला त्या शब्दाचा मनस्वी राग होता. ती देवगडची. पुण्यातल्या शाकाहारी घरात लग्न करून आली तेव्हा घरात मासा शिजणार नाही हे तिने कबूल केलं होतं, आणि कबूल केलेलं ती पाळायची. पण ब्रेडाला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही फ्लिसिंगन बघायला गेलो, आणि तिथल्या बुलेव्हारवर, म्हणजे समुद्राला लागून बांधलेल्या उंच रस्त्यावर, तळलेल्या माशांच्या एका गाडीसमोर ती इतका वेळ उभी राहिली की गाडीवाल्याने तिला काही हरवलंय का म्हणून विचारलं. घरात डच मलाच येत होतं. मी तिला प्रश्न समजावून सांगितला. ती म्हणाली, "हो म्हणून सांग."

तिथून पुढे ती एकटीच जाऊ लागली, आणि मग लोकांना घेऊन जाऊ लागली. भारतातून हॉलंड बघायला येणाऱ्यांना ट्यूलिप आणि पवनचक्क्या सगळेच दाखवत. इथली माणसं जेवतात काय, हे दाखवणारं कोणी नव्हतं. आई ते दाखवायची. तळलेल्या माशाचे तुकडे, ज्यांना तिथे किबलिंग म्हणतात, ते कुठल्या गाडीवर ताज्या तेलात मिळतात. बंदराजवळच्या मारेकेबाईंच्या छोट्या हॉटेलात काळ्या पातेल्यात कांदा आणि सेलरी घालून वाफवलेले शिंपले कसे खायचे. एक शिंपला रिकामा झाला की त्याचाच चिमटा करून पुढचा कसा ओढायचा. शाकाहाऱ्यांनाही ती उपाशी ठेवत नसे. समुद्रकाठच्या चिखलात उगवणारी खारट हिरवी काड्यांची भाजी होती, आणि बोलस होता, दालचिनी घातलेल्या काळपट साखरेत लोळवलेली पावाची गुंडाळी, इतकी चिकट की ती खाल्ल्यावर माणूस बराच वेळ कोणाशी हस्तांदोलन करू शकत नसे. नागपूरचे एक गृहस्थ खिशात ठेच्याची बाटली घेऊन आले होते आणि त्यांनी तो शिंपल्यांच्या पातेल्यात ओतला. मारेकेबाईंनी चव घेतली, पाणी प्यायल्या, आणि पुढच्या वेळी त्या गृहस्थांना पुन्हा आणा म्हणाल्या. आई हे सगळं घरी आल्यावर आधी आंघोळ करून मग सांगायची. आंघोळीशिवाय ती स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे. बाबा विचारायचे, "कसा झाला दिवस?" आणि ती 'मासा' हा शब्द टाळून सगळं वर्णन करायची. "जेवण छान होतं," असं म्हणायची. बाबा समजून घ्यायचे आणि आमटी वाढून घ्यायचे. असा आमचा संसार चालला होता.

मग साथ आली. हॉटेलं बंद झाली, विमानं बंद झाली आणि आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये बंद झालो. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बाबांची मीटिंग, दुसऱ्या टोकाला माझी शाळा, आणि मध्ये कुकरच्या शिट्ट्या. बाबांच्या ऑफिसातल्या एका डच माणसाने तुमच्याकडे आगगाडी घराच्या इतक्या जवळून जाते का, असं फार सहानुभूतीने विचारलं होतं. आईचे पाहुणे मात्र एकामागून एक गळाले. नाशिकचा एक गट तर बॅगा भरून बसलेला होता. त्यात केळकरबाई म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी आईला फोन करून सांगितलं की आमची मनाची तयारी झालेली आहे, ती वाया घालवू नका, तुम्ही जा आणि फोनवर दाखवा. आईला वाटलं, बाई दुःखात बोलताहेत. पण त्यांनी वेळही ठरवून टाकली.

असे ते फोनवरचे दौरे सुरू झाले. हॉटेलात बसता येत नव्हतं, पण पुडीत बांधून मिळायचं. आई बुलेव्हारवरच्या बाकावर बसून खायची, मी समोर फोन धरून उभी. तिकडे नाशिकला चौदा माणसं आपापल्या घरात, आपापल्या चौकोनात, पुढ्यात ताट घेऊन बसलेली. केळकरबाई शिस्तीच्या. त्या म्हणायच्या, घाई नको, नीट चावा, कॅमेऱ्याकडे बघून चावा. कोणी सांगायचं, कुरकुरीत आहे तर आवाज ऐकवा, आणि मी फोन आईच्या जबड्याजवळ न्यायची. एका गृहस्थाने वर थोडं लिंबू पिळा म्हणून सांगितलं आणि पिळल्यावर स्वतः तोंड आंबट केलं. दौरा संपला की सगळे आचवायला उठायचे. बातमी पसरली. सोलापूर, ठाणे, गोरेगाव, सगळीकडचे लोक आईला स्वतःच्या वतीने जेवायला सांगू लागले. मला तेव्हा याची लाज वाटायची. वर्गातली कोणी मुलगी सायकलवरून जाताना दिसली की मी फोन तसाच धरून भलतीकडे बघायची. आता वाटतं, त्या दिवसांत जगात जेवढ्या गोष्टी चालल्या होत्या त्यांत आमची त्यातल्या त्यात शहाणपणाची होती.

मग आईला ती साथ लागली. ताप फार नव्हता. अंग दुखलं, खोकली, चार दिवस खोलीत राहिली, आणि बाहेर येऊन तिने पहिली फोडणी केली ती पाठमोरी, आमच्याशी बोलत. हिंग घातला आणि बोलायची थांबली. डबी उघडून नाकाशी नेली. मग लसणीची पाकळी चेचली, मग कॉफीची बरणी, मग माझ्या सायकलच्या तेलाची बाटलीसुद्धा हुंगली. हाउसआर्ट्सला, म्हणजे आमच्या डॉक्टरला, मी फोन लावला. डॉक्टर भली होती. ती म्हणाली, येईल परत, वाट बघा. केव्हा, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आईने त्या आठवड्यात सालीसकट लिंबू खाल्लेलं मी पाहिलं आहे. खाताना तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

तरी स्वयंपाक तीच करायची. आम्ही करू म्हटलं तर रागवायची. अंदाजाने घातलेलं मीठ कधी दुप्पट पडायचं, कधी मुळीच पडायचं नाही. एकदा भाजीतला गोडा मसाला म्हणून दालचिनीची पूड आली आणि वांग्याला केकचा वास येऊ लागला. बाबा आणि मी ताटं स्वच्छ करायचो आणि एकमेकांकडे बघायचं टाळायचो. बाबा दर घासाला छान झालंय म्हणायचे. माझी आजची जीभ मिठाला जराशी मंद झाली आहे आणि घरातली माणसं माझ्या हातचं जेवून छान झालंय म्हणतात, तेव्हा मला आई-बाबा त्या टेबलाशी बसलेले दिसतात. एके दिवशी मुगाच्या उसळीचा पहिला घास घेऊन बाबा म्हणाले, "आज तर अगदी बेताचं पडलंय मीठ."

आईने चमचा खाली ठेवला. "मी आज मीठ घातलंच नाही. मुद्दाम."

बाबांनी तोंडातला घास गिळला. आई ओरडली नाही. ती म्हणाली, "तुम्ही ऑफिसात चुका शोधता आणि घरी आलात की सगळं पास करता." मग ती उठून गॅलरीत गेली आणि तिथल्या रिकाम्या कुंड्यांना पाणी घालत बसली. त्याच आठवड्यात तिने फोनवरचे सगळे दौरे थांबवले. तिचं म्हणणं सरळ होतं. जिभेला कळत नाही ते चांगलं आहे म्हणून लोकांना सांगणं म्हणजे खोटं बोलणं, आणि खोटं सांगून जेवायला नेणाऱ्यांची जगात कमतरता नाही. केळकरबाईंनी परोपरीने विनवलं. नुसतं खा, वर्णन आम्ही करून घेऊ, असंही म्हणाल्या. आई बधली नाही. माझ्याकडून खाऊन घ्यायचं कोणी सुचवलंच नाही, कारण मी आयुष्यात एकदाच शिंपला खाल्ला होता आणि माझे ओठ बोलसएवढे सुजले होते.

अशा दिवसांत कॅप्टन धुरींचा फोन आला. ते वेंगुर्ल्याचे. त्यांच्या पत्नीने ठाण्याहून आईचा एक दौरा पाहिला होता. त्यांची मालवाहू बोट अँटवर्पच्या धक्क्यावर जागा मिळायची वाट बघत फ्लिसिंगनसमोर नांगर टाकून उभी होती. फोन स्पीकरवर होता, म्हणून आम्ही तिघांनीही ऐकला. ते म्हणाले, आम्ही कित्येक महिने जमिनीवर पाय ठेवलेला नाही. प्रत्येक बंदरात तेच, माल उतरतो आणि माणूस उतरू शकत नाही. आता तर गाव इतकं जवळ आहे की दुर्बिणीतून बायकांच्या हातातल्या पिशव्या दिसतात. बोटीवरची माणसं आधी भांडली, मग भांडायचीही थांबली. राणे म्हणून एक फिटर आहे, आचऱ्याचा, तो तर जेवायलाच येत नाही. ताटाकडे बघतो, उठतो आणि केबिनमध्ये जाऊन बिस्किटं खातो. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणतो.

"मॅडम, मला माझ्या लोकांना एकदा बाहेर जेवायला न्यायचंय," ते म्हणाले. "तुम्ही किनाऱ्यावर बसून जेवा. आम्ही दुर्बिणीतून बघू."

आईने त्यांना स्वतःच्या जिभेचं सांगितलं आणि माफी मागितली. तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून बाबा म्हणाले, "मी खाईन."

आई वळली. "काय खाल?"

"जे असेल ते. शिंपले."

"तुम्ही?"

"टेस्टिंगच करायचं ना," बाबा म्हणाले. "आणि खरं सांगेन."

हे सगळं चालू असताना बाबांचा मीटिंगमधला मायक्रोफोन चालूच राहिला होता. त्यांच्या मॅनेजरने सगळं ठीक आहे ना असं विचारलं, तेव्हा बाबांनी इंग्रजीत, अत्यंत गंभीरपणे, एका जहाजाच्या वतीने आपल्याला जेवायला जायचं असल्यामुळे गुरुवारी रजा हवी आहे असं सांगितलं. रजा ताबडतोब मंजूर झाली. पुढे बरेच महिने त्यांच्याशी सगळे फार सांभाळून बोलत.

गुरुवारी आम्ही मुखपट्ट्या लावून रिकाम्या गाडीतून फ्लिसिंगनला गेलो. लांबून ओळखू यावं म्हणून बाबांनी माझा नारिंगी रेनकोट घातला होता आणि त्याच्या बाह्या त्यांच्या कोपरापर्यंतच पोचत होत्या. पाहुण्यांना बाकावर बसवून जेवायला घालणं बरं दिसत नाही, म्हणून आईने घडीचं टेबल, पांढरा टेबलक्लॉथ आणि तो उडू नये म्हणून कपडे वाळवायचे चिमटे घेतले होते. फ्लिसिंगनला अँटवर्पकडे जाणाऱ्या बोटी किनाऱ्याच्या इतक्या जवळून जातात की रस्त्यापलीकडची एखादी इमारतच सरकायला लागली असं वाटतं. धुरींची बोट त्या दिवशी गावाच्या पश्चिमेला लांब उभी होती, तांबूस रंगाची, गंजलेली. फोन लागला. कॅप्टनसाहेबांनी बाबांना उजवा हात वर करायला सांगितलं, मग डावा. मग म्हणाले, "दिसलात. सगळे डेकवर आहेत. राणे सोडून."

आईने दौरा सुरू केला. गाव कुठून कुठपर्यंत आहे, इथली माणसं वारा वाहत असतानाही बाहेर बसून जेवतात आणि त्याचा त्यांना आनंद वाटतो, हे तिने नेहमीसारखं सांगितलं. मग किबलिंग आलं. बाबांनी एक तुकडा उचलला, डोळे मिटले, पुटपुटले ती बहुधा क्षमायाचना असावी, आणि तो तोंडात घातला. आम्ही वाट बघत होतो. समुद्रावर एक अख्खी बोट वाट बघत होती.

"बाहेरून बटाटेवडा," बाबा म्हणाले. "आत बटाटा नाही."

कॅप्टनसाहेबांनी ते बोटीवरच्यांना इंग्रजीत सांगितलं. दोनतीन फिलिपिनो खलाशी हसल्याचा आवाज आला. कोणी विचारलं, वाफ येतेय का. बाबांनी तुकडा मोडून फोनसमोर धरला. ते कामाला लागल्यासारखे दिसत होते. कड खारट, मध्य सौम्य, तेल जुनं नाही, असं एकेक ते सांगत होते. चांगलं लागतंय का या प्रश्नावर म्हणाले की ते सांगायला माझ्याकडे आधीचा अनुभव नाही.

तेवढ्यात खेमेंटेचा, म्हणजे नगरपालिकेचा एक गस्तीवाला आला. तरुण होता, नम्र होता, आणि त्याला खरोखरच कोडं पडलं होतं. हॉटेलांना बाहेर टेबलं मांडायला बंदी होती, आणि इथे टेबलक्लॉथ होता. त्याने मला विचारलं, हे हॉटेलचं टेबल आहे का. मी म्हटलं, आमचं आहे, ब्रेडाहून आणलंय. मग हा कार्यक्रम आहे का, कारण कार्यक्रमांनाही बंदी आहे. मी म्हटलं, माझे वडील जेवताहेत. तो म्हणाला, पण तुमची आई भाषण करते आहे. प्रेक्षक कुठे आहेत? मी समुद्राकडे बोट दाखवलं. त्याने बोटीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि त्याच वेळी फोनमधून कॅप्टनसाहेबांनी त्याला इंग्रजीत नमस्कार घातला आणि त्याची टोपी छान दिसते म्हणून सांगितलं. तो दचकला. थोडा विचार करून त्याने निकाल दिला की प्रेक्षक दीड मीटरपेक्षा लांब आहेत आणि ते फ्लिसिंगनमध्ये आलेलेच नाहीत, तेव्हा हरकत घेता येत नाही. मग तो जाईल असं आम्हाला वाटलं, पण तो नीट अंतर मोजून बाजूला उभा राहिला. त्यालाही पुढचा पदार्थ बघायचा होता.

शिंपल्यांचं पातेलं मारेकेबाईंनी टॉवेलात गुंडाळून स्वतः आणून दिलं आणि त्या पळतच परत गेल्या. आईने बाबांना चिमटा कसा करायचा ते दाखवलं. झाकण उघडल्यावर वाफ तिच्या चेहऱ्यावर आली. ती वाकली, तशीच क्षणभर थांबली, आणि बाजूला झाली. मी फोन धरला होता म्हणून तिचा चेहरा मला जवळून दिसला. आमच्यापैकी त्या पातेल्यावर जिचा सगळ्यात जास्त हक्क होता तिला त्यातलं काहीच पोचत नव्हतं.

बाबांनी पहिला शिंपला खाल्ला. दुसरा खाल्ला. कॅप्टनसाहेबांनी दोनदा विचारल्यावर ते म्हणाले, "थांबा, शब्द शोधतोय." मग सावकाश म्हणाले, "हे ओल्या काजूंसारखं आहे. ओल्या काजूंची उसळ समुद्राच्या पाण्यात केली तर अशी लागेल."

बोटीवर काहीतरी गडबड झाली. कोणीतरी फोन ओढून घेतल्यासारखा आवाज आला, आणि एक नवीनच, खरखरीत आवाज संतापून म्हणाला, "ओल्या काजूचो आणि ह्याचो काय संबंध? आणि तो रस्सो तसोच ठेवलात कित्याक? आदी रस्सो पिवा."

तो राणे होता. बाबांचं वर्णन केबिनच्या गोल खिडकीतून त्याच्या कानावर गेलं होतं आणि त्याला ते सहन झालं नव्हतं. बाबा मुकाट्याने वाटी बुडवून रस्सा प्यायले. आई पुढे आली आणि तिने फोन माझ्या हातातून घेतला. इतक्या वर्षांत ती आमच्याशी मालवणी बोलली नव्हती. ती राणेला म्हणाली, ह्यांका माफ करा, पुण्याचे आसत, आज पयल्यांदाच खातत. राणेचा राग ओसरला. त्याने तिला विचारलं, तुम्ही स्वतः का खात नाही. तुम्हाला कशी लागते चव?

"माका चव लागणा नाय," आई म्हणाली. "आजारी पडलंय तेव्हापासून. कायच लागणा नाय."

मग राणे अगदी हळू म्हणाला, "माका पण."

ते ऐकून कॅप्टनसाहेब मागून काहीतरी बोलले. मग सगळं बाहेर आलं. मागच्या एका बंदरात राणेला ताप आला होता. तो दोन दिवस अंगावर काढून कामावर गेला. सांगितलं असतं तर बोट अडकवून ठेवली असती, आणि ज्यांची घरी जायची पाळी होती त्यांची पाळी पुन्हा पुढे गेली असती. म्हणून तो गप्प राहिला, सगळ्यांपासून लांब राहिला. ताप गेला, पण जेवणाची माती झाली. ताटातला भात, मासळी, लोणचं, सगळं ओला पुठ्ठा. हे आता कोणाला सांगायचं, म्हणून तो बिस्किटं खात बसला. ती आधीच पुठ्ठ्यासारखी असतात, फरक पडत नाही. कॅप्टनसाहेब इतकंच म्हणाले, "राणे, मला सांगायचं होतंस रे." ते रागावले होते की नाही, ते किनाऱ्यावरून कळणं शक्य नव्हतं.

मग जे झालं ते मी कोणाला सांगितलं की लोकांना मी रचून सांगते असं वाटतं. आई टेबलाशी बसली. फोन पातेल्याला टेकवून ठेवला. राणे म्हणाला, आता ह्यांना विचारा, पयलो गोड लागता काय? आईने बाबांना विचारलं. बाबांनी शिंपला चावला आणि म्हणाले, हो, गोडसर आहे. आई म्हणाली, मग मधेच एक तुरट कड येते, जिभेच्या बाजूला, ती बघा. बाबांनी बघितली. आहे म्हणाले. राणेने विचारलं, शेवटाक लोखंडासारख्या? बाबा म्हणाले, लोखंडासारखं नाही. पितळेच्या पेल्यातल्या ताकासारखं. यावर दोघांचा विचारविनिमय झाला आणि राणेने ते मान्य केलं. ज्यांना चव ठाऊक होती त्यांना ती लागत नव्हती, आणि ज्याला लागत होती त्याला ती ठाऊक नव्हती. तिघांनी मिळून एक पातेलं जेवायला घेतलं. आईचे डोळे मिटलेले होते. बाबा खोटं बोलणार नाहीत याची तिला त्या दिवशी खात्री होती, कारण जे लागत नव्हतं त्याला ते सरळ नाही म्हणत होते. एक शिंपला कचकचला तेव्हा, हा वाळूने भरलाय, हा नापास, असं त्यांनी जाहीर केलं, आणि बोटीवर टाळ्या पडल्या. गस्तीवाल्याने मला काय चाललंय विचारलं. मी त्याला होईल तेवढं डचमधून सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या आजीचीही चव गेली आहे, आणि ती रोज त्याला सूपाबद्दल विचारते. त्याला वाटायचं, ती नुसती चौकशी करते आहे.

पुढचं थोडं आत्ताच सांगून टाकते. आईला वास तुकड्यातुकड्यांनी परत येऊ लागला, आणि आधी उलटाच आला. पुढच्या वसंतात तिला कॉफीला गटाराचा वास येऊ लागला, आणि तिने आनंदाने घरभर कॉफी करून ठेवली. बाबांनी त्यानंतर आयुष्यात मासा खाल्ला नाही. टेस्ट झाली, परत करायचं कारण नाही, असं ते म्हणत. पण आईला हिंगाचा वास पुन्हा आला त्या आठवड्यात ते एकटेच बाहेर गेले आणि एक नवी कढई घेऊन आले. ही तुझी वेगळी, खिडकी उघडी ठेव म्हणजे झालं, म्हणाले. आईने पहिल्या दिवशी तिच्यात भजी तळली. दुसऱ्या दिवशी सुरमई.

त्या गुरुवारी मात्र जेवण पुरं होण्याआधीच कॅप्टनसाहेबांचा आवाज बदलला. अँटवर्पच्या धक्क्यावर जागा मिळाली होती. बंदरापर्यंत वाट दाखवणाऱ्या पायलटची छोटी बोट त्यांच्याकडे निघालीच होती. ते म्हणाले, आता मी कामावर, मॅडम, बाकीचं तुम्ही आणि राणे बघा. राणेला कोणी हाक मारली आणि फोन बंद झाला. आम्ही वाट बघत बसलो. बाबा म्हणाले, वाढलेलं जेवण टाकू नये, आणि उरलेले शिंपले एकेक करून संपवू लागले. बऱ्याच वेळाने ती तांबूस बोट हलली आणि किनारा धरून आमच्या दिशेने येऊ लागली. जवळ येता येता ती इतकी मोठी झाली की बुलेव्हारवर सावली पडली. कठड्याला माणसं ओळीने उभी होती, नारिंगी कपड्यांत, बाबांसारखीच. आई धावत कठड्याशी गेली आणि तिने दोन्ही हातांचा कर्णा करून विचारलं, "राणे कोण?"

सगळ्यांनी हात वर केले, फिलिपिनोंनीसुद्धा. एकाने केला नाही, कारण त्याच्या एका हातात मेसचं स्टीलचं ताट होतं आणि दुसऱ्या हाताने तो जेवत होता. ठेंगणा, टक्कल पडलेला माणूस. त्याने आमच्यासमोरून जाता जाता शेवटचा घास घेतला, बोटं चाटली आणि ताट समुद्रावर उलटं धरून दाखवलं. त्यातून काही पडलं नाही.

बाबांना भरून आलं. काहीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून त्यांनीही पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि उलटं धरलं. त्यात रिकामे शिंपले आहेत हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. ते सगळे खडखडत रस्त्यावर सांडले, घरंगळत गस्तीवाल्याच्या बुटांपर्यंत गेले, आणि आकाशात होते तेवढे सीगल खाली आले. बोटीने भोंगा वाजवला. ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही चौघं वाकून शिंपले वेचत होतो, आणि वेचता वेचता गस्तीवाला मधून मधून हात पसरून आमच्यातलं अंतर दीड मीटर आहे ना ते बघत होता.